आपला बंगला

श्रूजबरीत प्रल्हाद पारठ्यांना सगळे 'बंगलेवाले काका' म्हणतात. त्यांचं इथलं घर बघून कुणी हे नाव दिलेलं नाही. ते घर रस्त्यावरच्या बाकी घरांसारखंच आहे: लाकडी सांगाडा, त्यावर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि हिवाळाभर बर्फात रुतलेला गॅरेजचा दरवाजा. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा घराला 'कलोनियल' म्हणतात. जिथे वसाहत करायला आलेलेच मालक होऊन राहिले, तिथे हा शब्द कुणाला बोचत नाही. घराच्या जाहिरातीत तो मोठ्या अक्षरांत छापतात. घर दाखवायला आलेल्या बाईने तो उच्चारला आणि पारठ्यांनी मान डोलावली. वरच्या मजल्यावर जायचीही त्यांना गरज वाटली नाही. दाराशेजारी त्यांनी पितळेची पाटी लावली: रेव्हन्सकोर्ट. पार्सल आणणारा माणूस गेली कित्येक वर्षं त्यांना 'मिस्टर कोर्ट' म्हणतो. ते त्याची चूक दुरुस्त करत नाहीत.

खरा रेव्हन्सकोर्ट महाबळेश्वरला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीत, कागदी प्लेट हातात घेऊन पारठेकाका एकदा त्या बंगल्यात शिरले की लवकर बाहेर येत नसत. "आमच्या हॉलमधल्या फायरप्लेसमध्ये मी सरळ उभा राहू शकायचो." "बिलियर्ड्सच्या टेबलाखाली बसून मी भूमिती केली." "भिंतीवर गव्याचं मुंडकं होतं, त्याला मी मामा म्हणायचो." "मुंबईचे खरशेदजी शेठ उन्हाळ्यात आमच्याकडेच उतरायचे." ऐकणारे खूश होत. ज्या मुलाच्या घरी बिलियर्ड्सचं टेबल आहे तो अभ्यासाला त्याच्याखाली का बसतो, असा प्रश्न एवढ्या इंजिनिअरांत आणि डॉक्टरांत एकालाही कधी पडला नाही. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांतून थेट इथे येऊन मोठमोठी गॅरेजं बांधलेल्या माणसांना असा एक जुना बंगला हवाच होता. स्वतःचा नसेल तर निदान ओळखीतला.

आणि पारठे खोटं बोलत नव्हते. फायरप्लेस होती, टेबल होतं, गवा होता, शेठ उतरत होते. फक्त सर्वनाम खोटं होतं.

मुंबईच्या कुणा इंग्रज न्यायाधीशाने एप्रिल-मेमध्ये आपल्याला घाम येऊ नये म्हणून तो बंगला बांधला. दगड डोंगरावर चढवणाऱ्यांना आलेल्या घामाचा उल्लेख कुठे नाही. गावातल्या लोकांना नाव उच्चारता येईना. त्यांनी त्याचं रावणकोट केलं आणि पोस्टमनसकट सगळे तेच म्हणू लागले. इंग्रज गेला, खरशेदजी शेठ आले. बंगल्याबरोबर त्यांना गव्याचं मुंडकं मिळालं, बिलियर्ड्सचं टेबल मिळालं आणि माळी मिळाला. धोंडिबा पारठे.

तिकडच्या बंगल्यांवर माळी म्हणजे नुसता फुलझाडं बघणारा माणूस नव्हे. किल्ल्या, पहारा, लाकूडफाटा, पाणी, शेठचा कुत्रा, शेठच्या पाहुण्यांच्या ट्रंका, सगळं माळ्याकडे. मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली, तिच्यात धोंडिबा आणि त्याचा मुलगा प्रल्हाद. बायको लवकर गेली होती. मुलगा बापाला दादा म्हणायचा.

शेठची गाडी एप्रिलमध्ये फाटकाशी आली की धोंडिबा हात जोडून सांगायचा, "आपला बंगला अगदी व्यवस्थित आहे, शेठ. आपल्या गुलाबांना कीड लागली होती, ती काढली. आपला ड्यूक जरा लंगडतो, पण खातोय."

मराठीत हा एक शब्द फार सोयीचा आहे. मान देऊन 'तुमचा' म्हणायचं असेल तरी 'आपला', आणि तुमचा-माझा मिळून म्हणायचं असेल तरी 'आपला'. बापाच्या मागे उभं राहून लहानगा प्रल्हाद दुसरा अर्थ ऐकत होता. तो अर्थ पटायला त्याच्याकडे पुरावाही होता. पावसाळ्यात बंगल्यात कुणी नसे. भिंतींना बाहेरून गवताचे पडदे बांधलेले, आत भरदिवसा अंधार. आणि गाद्यागिर्द्यांना बुरशी धरू नये म्हणून शेठचा हुकूम असा, की माळ्याने हॉलमध्ये शेगडी पेटती ठेवायची आणि तिथेच झोपायचं. चार महिने बाप-लेक गव्याच्या मुंडक्याखाली झोपत. ऑक्टोबरात गवत उतरवलं की परत पत्र्याखाली. काही लोकांची दोन घरं असतात, तसंच हे, असं मुलाला वाटे.

खरं काय ते त्याला कधी कळलं, हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही. पुण्याला इंजिनिअरिंगला आला तेव्हा नक्कीच कळलेलं होतं. वसतिगृहात खोलीतल्या मुलाने विचारलं, "महाबळेश्वरला कुठे रे तू?"

"रेव्हन्सकोर्ट," प्रल्हाद म्हणाला. "आपला बंगला आहे ना तिथे."

हुबेहूब बापाचं वाक्य. त्या मुलाने आपण होऊन खिडकीकडचा पलंग त्याला दिला. एका शब्दावर पलंग मिळतो हे ज्याला अठराव्या वर्षी समजलं, तो अमेरिकेत मागे राहणार नव्हताच.

लग्न घाईत झालं. अमेरिकेतल्या वूस्टरच्या कारखान्यातून थोड्या दिवसांची रजा, पुण्यातल्या बँक अधिकाऱ्याची मुलगी वसुधा, आणि मुलाचा महाबळेश्वरला बंगला. धोंडिबा शेठचा जुना कोट घालून आला. बाह्या बोटांवर येत होत्या. मांडवात तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. मुलीकडच्यांनी एकमेकांना कोपरं मारली: "एवढी इस्टेट, पण राहणी बघा किती साधी!" निघताना धोंडिबाने व्याह्यांना हात जोडले. "कधीही या साहेब. बंगला आपलाच समजा." हे वाक्य तो जन्मभर शेठच्या पाहुण्यांना म्हणत आला होता, दुसरं आदराचं वाक्य त्याला येत नव्हतं. व्याही घरी जाऊन म्हणाले, माणूस राजा आहे.

वसुधेने राजाचं राज्य पाहिलं ते दोन वर्षांनी. शेठची परवानगी काढून धोंडिबाने सुनेसाठी बंगल्यातलीच मागची एक खोली उघडली होती. स्वयंपाकघरात जेवणं चालली असताना हॉलमधला फोन वाजला. धोंडिबा ताटावरून उष्ट्या हाताने उठला, फोनशी जाऊन ताठ उभा राहिला आणि मग डाव्या हाताने रिसीव्हर उचलला. "जी शेठ. जी. आपलं सगळं ठीक आहे." दोघं घाट उतरून वाईला आली. तिथे वसुधा म्हणाली, "आमच्या घरी कळता कामा नये."

तेवढंच. त्या दिवसापासून बंगल्याला दोन मालक झाले. पुढच्या काही वर्षांत वसुधाकाकूंनी त्यात चांदीचे चमचे आणले, जेवणघरात झुंबर टांगलं आणि वऱ्हांड्यात एक पियानो ठेवला. पारठ्यांनी पियानोला हरकत घेतली नाही.

धोंडिबा गेला तेव्हा इकडे बर्फाचं वादळ होतं, विमानं बंद होती. पारठे पोचले तेव्हा दहावा उरकला होता. बापाचा एकही फोटो मागे नव्हता. माळ्याचा फोटो कोण काढतो?

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मंडळाचा अध्यक्ष नकुल याचा फोन आला. नकुल नागपूरचा, कुठल्याशा कंपनीत क्लाउडचं काहीतरी करतो आणि मंडळ एखादं नवं अ‍ॅप बाजारात आणल्यासारखं चालवतो.

"काका, बसलाय ना? तुमचा बंगला हेरिटेज हॉटेल झालाय, यार!"

"कुणी सांगितलं?"

"अहो, ते आपल्या दिवाळीचे स्पॉन्सर आहेत. पुण्याहून त्यांच्या मॅडम येतायत, प्रेझेंटेशन करणार. डेस्टिनेशन वेडिंग, मेंबरशिप, असं सगळं. मी त्यांना सांगून टाकलं, जुनी ओनर फॅमिली आमच्याकडेच आहे म्हणून. त्या तर उडाल्याच! तुम्ही पहिल्या रांगेत, काका. दोन शब्द बोला फक्त."

वसुधाकाकू शेजारीच उभ्या होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "मी डोकं दुखतंय म्हणून सांगणार आहे. तुम्हीही तेच सांगा."

"दोघांचं एकदम?"

"मग तुमची कंबर."

पण पारठे गेले. त्यांना बंगला बघायचा होता. सोबत नात आरोही होती, बारा वर्षांची. तिची आई इशिता कामावर होती. आरोही रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत जाते आणि तिथून दर आठवड्याला एक तक्रार घेऊन येते. गाडीत तिने त्या आठवड्याची काढली.

"आजोबा, 'आपला' मीन्स युवर ऑर अवर? टीचर म्हणते बोथ. दॅट्स सो डंब."

"बोलणाऱ्यावर असतं ते."

"देन हाउ डू यू नो?"

पारठ्यांनी सिग्नल बघितला. सिग्नल हिरवा होता.

शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतला होता. भिंतीवर भाज्या खाण्याचे फायदे सांगणारी चित्रं, त्यांच्यावरून झेंडूच्या कागदी माळा. मॅडमचं नाव कादंबरी. खणाचं जॅकेट, कानाला लावलेला माइक, आणि मराठी अशी की प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'राइट?' विचारणारी. हॉटेलात जुन्या काळचं सगळं पुन्हा उभं केलंय, ती सांगत होती. वऱ्हांड्यात वेताच्या खुर्च्या, लाल पट्टे आणि पागोटी घातलेले चपराशी, दुपारचा चहा. नवरा-नवरीसाठी घोडागाडी. इंग्रजाला घालवून इतकी वर्षं झाल्यावर इंग्रजाच्या खुर्चीत इंग्रजासारखं टेकून आपल्याच माणसाकडून चहा मागवायची ही सोय होती, आणि सभागृह तिच्याकडे डोळे मोठे करून पाहत होतं. मागच्या अंगाच्या पत्र्याच्या खोलीचा फोटो आला. तिचं नाव आता 'माळीज नेस्ट' होतं. हनिमूनसाठी, सगळ्यात महाग.

"पत्रा आम्ही मुद्दाम ओरिजिनल ठेवलाय," कादंबरी म्हणाली. "पावसाचा साउंड इतका रोमँटिक येतो ना!"

पारठ्यांना त्या पत्र्याचा आवाज माहीत होता. त्या आवाजात माणूस बोललेलं ऐकू येत नाही.

मग पडद्यावर एक जुना काळा-पांढरा फोटो आला. बंगल्याच्या पायऱ्या, मधल्या खुर्चीत खरशेदजी शेठ, आजूबाजूला पाहुणे. "हेच ते शेठ, काकांकडे उतरायचे ते," मागून कुणीतरी कुजबुजलं. उजव्या कडेला, पायरीच्या खाली, कुत्र्याची साखळी धरून एक माणूस उभा होता. शेठने फोटोवाल्याला बोलावलं असणार आणि कुत्रा एका जागी उभा राहीना म्हणून माळ्यालाही चौकटीत यावं लागलं असणार. खाली नावं होती. शेठचं, बायकांची, पाहुण्यांची. मग: 'ड्यूक'. मग: 'सेवक, नाव अज्ञात'.

पारठे उठले. दोन शब्द बोलायला उठले असं समजून नकुलने टाळ्या सुरू केल्या. ते पडद्यापाशी गेले, प्रोजेक्टरच्या उजेडात शिरले. पांढऱ्या झब्ब्यावर बंगल्याच्या पायऱ्या उमटल्या, शेठचं डोकं त्यांच्या पोटावर आलं, आणि त्यांच्या सावलीत कडेचा माणूस दिसेनासा झाला. हे लक्षात आल्यावर ते बाजूला सरकले आणि त्या माणसावर बोट ठेवलं.

"हे आमचे दादा," ते म्हणाले.

मग मंडळाच्या इतिहासात झाला नसेल असा कडकडाट. पुण्यात रिक्षावाल्याला दादा म्हणतात, ऑफिसातल्या शिपायाला दादा म्हणतात. बंगल्याच्या मालकाने बंगल्यावरच्या गड्याला इतक्या वर्षांनी, चारचौघांत, दादा म्हणावं! एका बाईंनी डोळे टिपले. "हे असतात संस्कार," नकुल माइकवर म्हणाला.

जन्मभर ज्या चुकीवर ते जगले, ती चूक आता त्यांची गरज न पडता आपली आपण चालत होती.

"काय नाव होतं त्यांचं, काका?" कादंबरीने विचारलं.

"धोंडिबा."

"सो स्वीट! आम्ही टाकू हं कॅप्शनमध्ये." आडनाव तिने विचारलं नाही.

जेवणाची घोषणा झाली. पारठे खुर्चीत येऊन बसले. छोल्यांच्या रांगेतून लोक येऊन त्यांचा हात हातात घेऊन जात होते. तिथेच थांबलं असतं तर सगळं जमलं असतं: बंगला राहिला असता, बापाचं अर्धं नाव फोटोखाली आलं असतं, आणि वर मोठ्या मनाचं बक्षीस. इतकी स्वस्त तडजोड त्यांना आयुष्यात कुणी देऊ केली नव्हती. ते उठले आणि प्लेट धरून उभ्या असलेल्या कादंबरीपाशी गेले.

"पूर्ण नाव लिहा. धोंडिबा पारठे."

"पारठे? म्हणजे तुमचंच सरनेम?"

"हो."

तिचा चेहरा उजळला. "तुमच्या फॅमिलीने त्यांना आपलं सरनेमसुद्धा दिलं? काका, व्हॉट अ स्टोरी!"

"बाई," पारठे म्हणाले, "ते माझे वडील. ते माळी होते. बंगला आमचा नव्हता."

कादंबरीने घास गिळला. तिच्या डोळ्यांत आधी गोंधळ आला, मग हिशेब, मग परत उजेड. "ओह माय गॉड. हे तर अजूनच बेटर आहे! माळ्याच्या खोलीतून अमेरिकेत! काका, आपण 'माळीज नेस्ट'मध्ये तुमचा व्हिडिओ करू या."

नकुल मध्ये पडला. "काका, यार, काय हे? मी ओनर फॅमिली म्हणून अनाउन्स केलंय. मस्त चाललाय कार्यक्रम. असू द्या ना."

"नाव पूर्ण लिहा एवढंच," पारठे म्हणाले. "आणि तो फोटो मला द्या. माझ्याकडे त्यांचा एकही नाही."

"फोटोचं जरा लीगलला विचारावं लागेल," कादंबरी म्हणाली. "तो आता आपल्या हॉटेलच्या कलेक्शनमध्ये आहे ना."

आपल्या. पारठ्यांनी नकुलच्या हातातला माइक घेतला. त्यांना माइक नीट धरता येत नव्हता. "धोंडिबा पारठे माझे वडील," ते म्हणाले. "रावणकोटचे माळी. आमचा बंगला नव्हता, कधीच नव्हता." माइक कर्कश किंचाळला. पोरांनी कान झाकले. रांगेत कुणी विचारलं, "काय म्हणाले?" दुसरं कुणी म्हणालं, "काही नाही, बसून घ्या म्हणतायत." ज्यांनी ऐकलं त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. तो पाहण्याचा प्रकार पारठ्यांनी ओळखला. आजारी माणसाकडे तसं पाहतात.

परतताना आरोहीने विचारलं, "द गाय विथ द डॉग वॉज युवर डॅड?"

"हो."

"सो व्हाय डिडन्ट दे क्लॅप द सेकंड टाइम?"

वसुधाकाकूंचं डोकं अर्थातच दुखत नव्हतं. त्या पोळ्या करत होत्या. पारठे म्हणाले, "मी सांगून टाकलं."

"काय?"

"दादांचं."

लाटणं थांबलं नाही. "किती जणांनी ऐकलं?"

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी फोनवरून आलं. नकुलची बायको रेणू बोलत होती, आवाजात साजूक तूप. "काकू, रागावू नका हं. काल काका जरा कन्फ्यूज्ड वाटले. वडील कोण, माळी कोण, सगळं मिक्स होत होतं. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. लवकर दाखवलेलं बरं असतं. आपल्या मंडळातलीच निधी न्यूरॉलॉजिस्ट आहे ना."

गाडीने पंचेचाळीस मिनिटांच्या परिसरात जिथे दारोदार डॉक्टर राहतात, तिथे न पटणाऱ्या सत्याला लगेच आजार सापडतो. पारठे बाहेरच्या खोलीत होते. वसुधाकाकूंचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

"हो गं. हल्ली जरा विसरतात. बघते मी."

त्या बाहेर आल्या तेव्हा पारठे त्यांच्याकडे पाहत होते. "जाऊ आपण निधीकडे," ते म्हणाले. "तिथे तरी नीट विचारतील."

निधी लहानपणी मंडळाच्या गणपतीत पारठेकाकांच्या मांडीवर बसून गव्याच्या मुंडक्याची गोष्ट ऐकायची. आता ती डॉक्टर होती, गळ्यात ओळखपत्र, समोर संगणक. खोलीत मेंदूचा प्लॅस्टिकचा नमुना ठेवलेला होता, त्याचे भाग सुटे करता येत. तिने काकांना घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. काकांनी इंजिनिअरच्या तुच्छतेने दोन्ही केलं.

"आता थोडं जुनं विचारते हं, काका. जन्म कुठला?"

"महाबळेश्वर."

"वडिलांचं नाव?"

"धोंडिबा."

"काय करायचे ते?"

"माळी होते. रावणकोट नावाच्या बंगल्यावर."

निधीची बोटं कीबोर्डवर थांबली. हळू आवाजात, रुग्णाला लागू नये अशा बेताने, ती वसुधाकाकूंकडे वळली. "काकू, अशा वेळी घरच्या माणसाला विचारावं लागतं. हे बरोबर आहे?"

वसुधाकाकूंनी मांडीवरची पर्स सरळ केली. नाही म्हटलं असतं तर बंगला वाचला असता. नवऱ्याला गोळ्या सुरू झाल्या असत्या, मंडळाने डबे पाठवले असते, सहानुभूतीने पुढचे सणवार पार पडले असते, आणि झुंबर जिथल्या तिथे राहिलं असतं. हो म्हटलं तर वाईपासून आजवरचं सगळं बोलणं एकट्या त्यांच्या अंगावर येणार होतं. नवऱ्याला निदान आजाराचा आडोसा मिळू शकत होता, त्यांना तोही नव्हता. पारठे त्यांच्याकडे बघत नव्हते. ते प्लॅस्टिकच्या मेंदूकडे बघत होते.

"बरोबर आहे," वसुधाकाकू म्हणाल्या.

"म्हणजे वडील खरंच..."

"माळी होते. मी पाहिलंय त्यांना. फोन वाजला की जेवणावरून उठून उभे राहायचे."

निधी डॉक्टर होती, पण मांडीवर बसून गोष्टी ऐकलेली मुलगीही होती. ती म्हणाली, "पण काकू, मग तो बंगला? पियानो? आम्ही सगळ्यांनी लहानपणी..."

"पियानो माझा," वसुधाकाकू म्हणाल्या. "बाकीचा यांचा. अर्धा यांनी बांधला, अर्धा मी. तू पुढचं विचार."

पारठ्यांनी पहिल्यांदाच बायकोकडे पाहिलं. त्या समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या, रागावलेल्या, ताठ.

निधीने अहवालात लिहिलं की स्मरणशक्ती उत्तम आहे आणि काळजीचं कारण नाही. पण इथल्या कायद्याप्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त असते, आणि निधी कायदा पाळणारी आहे. त्यामुळे मंडळात प्रल्हाद पारठे अजून आजारीच आहेत. लोक त्यांच्याशी हळूहळू, मोठ्या आवाजात बोलतात. रेणू दर सणाला शिरा पाठवते. यंदाच्या कोजागिरीला मसाला दुधाचा पेला त्यांच्या हातात देऊन नकुल म्हणाला, "काका, तुमच्या बंगल्याची ती गव्याची गोष्ट सांगा ना."

"आमचा नव्हता तो," पारठे म्हणाले.

"हो हो," नकुल त्यांच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, आणि पलीकडे उभ्या असलेल्या वसुधाकाकूंना त्याने समजुतीने डोळ्यांनीच खूण केली. वसुधाकाकूंनी ती घेतली नाही.